चौथा संगणक

माणसांनी माणसांशी बोलणं सोडलं आणि यंत्रांनी यंत्रांशी बोलायला सुरुवात केली, ही आपल्या युगातली सर्वांत मोठी क्रांती होय. इतिहासकार तिची नोंद योग्य त्या ठिकाणी घेतीलच. मी एवढंच सांगतो, की आमच्यापुरती ती भाऊजींच्या जेवणाच्या टेबलाखाली झाली, आणि ती करताना माझं डोकं टेबलाच्या एकाच कोपऱ्यावर पुन्हा पुन्हा आपटलं.

"मेहुणे, लागलं का?" वरून भाऊजींनी विचारलं.

"नाही."

"मग टेबल का हललं?"

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरीत असताना ते वजनमापं तपासायचे. दुकानात शिरायचं, तराजू हातात धरायचा, काटा मध्यावर येतो का बघायचं, आणि दुकानदाराच्या कपाळावर घाम येईपर्यंत काही बोलायचं नाही. निवृत्त झाल्यावर तपासायला तराजू उरले नाहीत. तेव्हापासून टेबल का हललं, दार का वाजलं, मी का आलो, असल्या गोष्टी ते तपासतात.

मी पाणी खात्यात मीटर वाचत होतो. कचेरीत पहिला संगणक आला तेव्हा साहेबांनी प्रशिक्षणाला पाठवण्यासाठी ज्याच्यावाचून कुणाचं काही अडणार नाही असा माणूस शोधला आणि तो मी निघालो. त्या दिवसापासून मी नात्यागोत्यातला संगणकतज्ज्ञ आहे. कुणाचा संगणक बिघडला की मला बोलावतात. मी गेल्यावर तो बहुधा जास्त बिघडतो, पण एवढ्या लांबून आलेल्या माणसाला तसं तोंडावर कोण सांगणार?

ताईला जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. भाऊजी एकटे किती दिवस राहणार म्हणून माझी भाची त्यांना आपल्याकडे न्यायच्या मागे लागली होती, आणि बऱ्याच नकारघंटेनंतर ते तयार झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सामानाची गाडी यायची होती. त्याआधी घरातल्या जुन्या संगणकांतलं सगळं एका जागी गोळा करायचं, ही भाऊजींची अट. संगणक तीन. एक भाचीचा कॉलेजातला, एक भाऊजींचा, आणि तिसरा माझ्या मुलाने टाकून दिलेला, जो मी रिक्षात मांडीवर घेऊन आलो होतो. त्याच्या पोटात जागा भरपूर होती. इतर दोघांनी आपापलं सामान त्याच्यात ओतायचं, असा बेत.

"मामा, पेन ड्राइव्हवर घेऊन टाक ना," भाची फोनवर म्हणाली होती. "अर्ध्या तासाचं काम."

"या पोरांना सगळं अर्ध्या तासात हवं असतं," भाऊजी म्हणाले, आणि आम्ही दोघं समंजसपणे हसलो. आम्ही नेटवर्क करणार होतो. त्यासाठी मी बाजारातून स्विच नावाची एक पेटी आणली होती. पेटीला ओळीने भोकं, प्रत्येक भोकात एक तार खोचायची, तारेचं दुसरं टोक संगणकात. सगळं नीट बसलं तर भोकावरचा हिरवा दिवा लागतो आणि संगणक एकमेकांना दिसू लागतात.

टेबलामागे, भिंतीच्या तळाशी, एक पिवळी पडलेली तार प्लास्टरातून बाहेर आली होती. टोकाला माझ्या तारांना होती तसलीच पारदर्शक चिमटी. माझ्या पेटीत भोकं रिकामी होती. भोक आहे आणि त्यात बसणारं टोक आहे, तर बसवून टाकावं, हा पाणी खात्यातला संस्कार. मी बसवलं. दिवा लागला. मला बरं वाटलं. दिवा लागला की मला नेहमीच बरं वाटतं. कशाचा लागला ते मी विचारत नाही.

भाऊजी विचारतात. "दिवे चार लागलेत. संगणक तीन आहेत."

"एखादा जास्तीचा लागतो."

"जास्तीचा?" हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की जणू मी तागडीखाली चिंच चिकटवताना सापडलो होतो. पण मला नावं ठेवायची घाई होती. म्हणजे संगणकांना. नेटवर्कवर प्रत्येक संगणकाला नाव लागतं, नाहीतर कोण कोणाला हाक मारणार?

भाऊजींच्या संगणकाला आम्ही ‘बाबा’ ठेवलं. माझ्याला ‘मामा’. राहिला भाचीचा. भाऊजी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"याला ‘आई’ ठेवा."

"अहो, हा तर लेकीचा."

"लेकीचा आहे तर लेक घेऊन जाईल. बाबा आहे, मामा आहे आणि आई नाही, हे घर वाटतं का?"

मी नाव लिहिलं. जुन्या संगणकाला साधं नाव बदललं तरी एकदा मरून जन्म घ्यावा लागतो. तो बंद झाला, खोकला, पुन्हा सुरू झाला. मग पडद्यावर एक करडी चौकट आली. ती इंग्रजीत होती. मी वाचली, आणि भाऊजींसाठी मराठीत सांगितली.

"या नावाचा संगणक नेटवर्कवर आधीच आहे, म्हणतोय."

"कुठल्या नावाचा?"

"‘आई’."

बाहेर कुणीतरी रस्त्यावर पाणी मारत होतं, त्याचा आवाज खिडकीतून येत होता. भाऊजींनी काय करावं? त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. बाहेरचं कुणी आलं की लावतात तसं.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"ती आहे म्हणून. मी रोज ऐकतो."

ताई टाइप करताना गुणगुणायची. गाणं असं नाही, ओठ मिटून एकच सूर, म् म् म्, तासन्‌तास. हॉलच्या टोकाला तिची खोली होती. तिथे बसून ती लोकांचे प्रबंध आणि अर्ज टाइप करून द्यायची. ती गेल्यावर भाऊजींनी त्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात ठेवली. शर्ट बदलला की किल्ली नव्या शर्टाच्या खिशात जायची. खोलीत मात्र कुणी गेलं नव्हतं.

"माझा पलंग त्याच भिंतीला आहे," भाऊजी हळू आवाजात म्हणाले. "कान लावला की येतो आवाज. तोच सूर. परवा वीज गेली, मेहुणे. पंखा थांबला, फ्रिज गप्प झाला, शेजाऱ्यांचा टीव्ही बंद पडला. सगळं मुकं. आणि तिचं चालूच."

मी हसायचा प्रयत्न केला. तोंड त्या आकाराचं झालं, पण हसू काही आलं नाही. कारण ते बोलायचे थांबले तेव्हा मलाही ऐकू आलं. फार बारीक. दुसऱ्या कुणाच्या घरात मी त्याकडे लक्षही दिलं नसतं. पण लहानपणी मी ताईच्या त्याच सुराखाली अभ्यास केलेला माणूस आहे.

"गाडी परत पाठवा," भाऊजी म्हणाले. "मी जाणार नाही."

"अहो, सगळं ठरलंय!"

"अबोला चालू आहे आमचा. अबोला असताना घर सोडून जायचं नसतं."

आता हा अबोला समजावून सांगायला हवा. नवराबायकोंचे अबोले सगळीकडे असतात, पण या घरात त्याला नियम होते. चूक कुणाची, हा प्रश्न नव्हता. माफी मागायची पद्धत नव्हती. जो आधी दुसऱ्याकडे काही मागेल तो हरला, आणि अबोला सुटला. उभ्या संसारात भाऊजी एकदाही हरले नाहीत. दरवेळी ताईच मागायची. "मीठ द्या जरा." "तो वरचा डबा काढून द्या." मी एकदा पाहुणा म्हणून जेवायला बसलो होतो, तेव्हा मीठ तिच्या कोपरापाशी होतं. तिने ते आधी हाताने लांब सरकवलं आणि मग मागितलं. भाऊजींनी दिलं, आणि विजयी मुद्रेने आणखी थोडा भात घेतला.

शेवटचा अबोला सुटायच्या आत ताईला इस्पितळात न्यावं लागलं. भाऊजी तिच्या उशाशी बसून राहिले. ती पाणी मागेल म्हणून भांडं हातात धरून बसले. तिने मागितलं नाही. तिला मागताच येत नव्हतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण तराजूचा काटा डॉक्टरांच्या सांगण्याने हलत नाही. भांडं तसंच भरलेलं घरी आलं.

हे मला ठाऊक होतं. भांडण कशावरून झालं होतं ते मात्र त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं.

"तिने मागितल्याशिवाय मी इथून हलणार नाही," भाऊजी म्हणाले. "तुमच्या यंत्रातून तिला हाक मारता येते का?"

येते, दुर्दैवाने. नेटवर्कवर एका संगणकाने दुसऱ्याला नुसतं विचारायचं असतं, की आहेस का? पलीकडचा असला तर ओ देतो. प्रशिक्षणात मला एवढी एकच गोष्ट नीट समजली होती. मी काळ्या चौकटीत ती आज्ञा लिहिली, पुढे ‘आई’ लिहिलं, आणि बटण दाबलं.

उत्तर आलं. लगेच. एकाखाली एक ओळी उमटत गेल्या: उत्तर, उत्तर, उत्तर.

"काय म्हणते?"

"ओ देतेय."

"पुन्हा मारा."

मी पुन्हा मारली. पुन्हा ओ.

भाऊजी पडद्याजवळ वाकले. त्यांचे डोळे भरले होते, पण तपासणी सुटली नव्हती. "एवढ्या पटकन ती कधी ओ देत नसे," ते म्हणाले. "पाचदा ‘अगं’ म्हणावं लागायचं."

"भाऊजी, बसा तुम्ही. मी बघतो."

मी नेटवर्कवरच्या संगणकांची यादी उघडली. ‘बाबा’, ‘मामा’, आणि त्यांच्या वर, वयाने मोठी असल्यासारखी, ‘आई’. मी तिच्यावर टिचकी मारली. पडद्यावर एक छोटी चौकट आली.

"आता काय?"

"परवलीचा शब्द मागतोय."

"मागतोय?" भाऊजींचा आवाज चिरकला. "मागितलं? तिने मागितलं?"

खुर्ची मागे पडली. उभ्या जागी त्यांच्या अंगात वीस वर्षांपूर्वीचा माणूस आला. हात पुढे झाला, मिठाचं भांडं द्यायला व्हावा तसा. मला तिथेच गप्प राहता आलं असतं. एका ‘हो’वर सगळं सुटलं असतं, गाडी आली असती, मी घरी जाऊन झोपलो असतो. पण समोरचा माणूस वजनमापांचा.

"मेहुणे, खरं सांगा. हे माझ्याकडे मागितलंय?"

"जो कुणी दार ठोठावेल त्याच्याकडे मागतात हे."

"म्हणजे तुमच्याकडेही मागितलं असतं."

"हो."

"आणि त्या स्विचवाल्या दुकानदाराकडेही?"

"तो आला असता तर."

भाऊजींनी खुर्ची उचलून सरळ केली आणि खाली बसले. "मग हे माप धरता येणार नाही," ते म्हणाले. त्यांनी किती दुकानं बंद केली असतील कुणास ठाऊक. पण हे बंद करताना त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

मी पुन्हा टेबलाखाली गेलो. डोकं आपटलं, पण या वेळी कुणी विचारलं नाही. चौथा हिरवा दिवा लुकलुकत होता, घाईघाईने, पलीकडून कुणी बोलत असल्यासारखा. मी पिवळी तार उपसली. दिवा विझला. त्याबरोबर वरून भाऊजी ओरडले.

"गेली! यादीतून गेली! काय केलंत तुम्ही?"

"तार काढली."

"परत लावा! आधी परत लावा!"

मी लावली. थोड्या वेळाने ती परत आली. भाऊजींनी सुस्कारा सोडला तो टेबलाखाली माझ्या मानेला लागला. मी तार बोटांनी चाचपत गेलो. ती भिंतीत शिरत होती, प्लास्टराखालून फुगवटा दिसत होता, आणि तो फुगवटा हॉलच्या कडेकडेने सरळ ताईच्या खोलीकडे निघाला होता. तेवढ्यात माझा फोन वाजला. भाची.

"मामा, झालं का?"

"होतंय. एक नाव आधीच आहे म्हणतोय फक्त."

"कुठलं?"

"‘आई’."

मग ती हलकेच म्हणाली, "मामा, असली थट्टा नको ना करू."

"मी करत नाहीये गं बाई. यंत्र करतंय."

"आईच्या संगणकाला मीच ‘आई’ नाव दिलं होतं. तिच्या खोलीतून हॉलमध्ये तारही मीच घालून घेतली होती, इंटरनेटसाठी. पण तो बंद असेल ना आता?"

"कुणी बंद केला?"

"मला वाटलं, बाबांनी."

"तुझे बाबा त्या खोलीत गेलेच नाहीत."

मी मान वळवून बघितलं. भाऊजी खुर्चीत नव्हते. ते हॉलच्या टोकाला, बंद दारावर तळहात टेकवून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी खिशातून किल्ली काढली.

कुलूप सहज उघडलं नाही. उघडलं तेव्हा दार आत ढकलताना जो वारा अंगावर आला, तो उबदार होता. त्याचं मी काय करू, ते मला अजून सुचलेलं नाही. वर्षभर बंद असलेली खोली गार असते, कुबट असते. ही नुकतंच कुणीतरी उठून गेल्यासारखी होती. खिडकीचे पडदे ओढलेले. खुर्ची टेबलापासून थोडी मागे सरकवलेली, माणूस उठताना सरकते तेवढी. पाठीवर तिची शाल. सगळीकडे धूळ, कळफलकावरच्या कापडावरसुद्धा, आणि त्या अर्धवट अंधारात टेबलाखाली एक हिरवा डोळा आणि तो सूर. आता भिंत मध्ये नव्हती. म् म् म्.

संगणकाचा पंखा होता. शेजारी ठोकळ्याएवढी बॅटरी, इशाऱ्याचा आवाज बसलेली, वीज गेली तर काही न बोलता सांभाळून घेणारी. मला सगळं दिसत होतं, सगळं कळत होतं, आणि तरी मी उंबरठ्यावरच उभा होतो.

भाऊजी आत गेले. ताईच्या खुर्चीवर ते बसले नाहीत. शेजारी उभे राहिले, आणि पडद्याच्या काठावरचं बटण दाबलं. काच तडतडली. उजेड वर आला.

पत्ते. ताई पत्त्यांचा डाव लावत होती. अर्धा झालेला डाव, वर्षभर तसाच मांडून ठेवलेला.

"प्रबंध म्हणे," भाऊजी म्हणाले. "‘मला हाक मारू नका, प्रबंध चाललाय.’"

ते वाकून बघत राहिले. "ती लाल सत्ती काळ्या अठ्ठीवर जातेय. तिला दिसली नाही." त्यांचं बोट माउसकडे गेलं.

"भाऊजी, नको."

बोट थांबलं. मग ते मागे न बघता बोलू लागले, आणि इतके दिवस जे विचारायचं मला धाडस झालं नव्हतं ते आपोआप समजलं.

"याच्यावरून झालं होतं. मी म्हटलं, तू मशीन बंद करत नाहीस, नुसता पडदा बंद करतेस. ती म्हणाली, पडदा काळा झाला म्हणजे झालं बंद. मी म्हटलं, पडदा म्हणजे मशीन नव्हे. ती म्हणाली, मला शिकवू नका, मी केलंय बंद. मी म्हटलं, नाही केलंस." त्यांनी टेबलाखालच्या हिरव्या दिव्याकडे बोट केलं. "हे बघा. बंद नव्हतंच."

"नव्हतं."

"म्हणजे माझंच बरोबर होतं."

"हो भाऊजी. तुमचंच."

हे ऐकायला ते वर्षभर थांबले असावेत असं मला वाटलं होतं. ऐकल्यावर त्यांचे खांदे खाली आले. भाऊजींचे खांदे खाली आलेले मी इस्पितळातसुद्धा पाहिले नव्हते.

"मेहुणे," ते म्हणाले, "जरा बाहेर बसता का? घरातलं बोलणं आहे."

मी दार ओढून घेतलं आणि हॉलमध्ये येऊन माझ्या संगणकापुढे बसलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून यादी बघत बसलो. ‘आई’. ‘बाबा’. ‘मामा’. उद्याच्या गाडीचं भाचीला काय सांगायचं, ते ठरत नव्हतं. आतून काही ऐकू येत नव्हतं. तो सूर तेवढा. पाणी मारणारा रस्त्यावरून निघून गेला होता. मी खोकणार होतो, पण खोकलो नाही.

बऱ्याच वेळाने आत खुर्ची सरकली. भाऊजींनी घसा साफ केला. पुन्हा घसा. असा घसा साफ करणाऱ्या माणसाला आयुष्यात एखादंच वाक्य बोलायचं असतं, आणि ते जड असतं.

"अगं," भाऊजी म्हणाले, "ऐकतेस का? आपलं नेलकटर कुठे ठेवलंयस, जरा देतेस?"